दर्यापूर मुक्कामी : कापूस, कमान आणि चालिसा

मूर्तिजापूरहून एस.टी.ने दर्यापूरकडे निघालो की दोन्ही अंगाला काळीभोर जमीन पसरलेली दिसते. परक्याला वाटावे, काय सुपीक मुलूख आहे! पण हा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. विहीर खोदली तर खारे पाणी लागते; ते पिकाला चालत नाही आणि माणसाच्या मूत्रपिंडालाही सोसत नाही. म्हणून येथील शेती पावसाच्या भरवशावर, मूग, तूर, हरभरा आणि मुख्य म्हणजे कापूस. हा कापूस वाहून नेण्यासाठीच इंग्रज कंपनीने मूर्तिजापूर ते अचलपूर अरुंद रुळांची गाडी घातली होती. लोक तिला 'शकुंतला' म्हणत. कापूस मुंबईला गेला, तेथून विलायतेला गेला, आणि गरिबाचे स्वस्त तिकीट देणारी ती गाडी आता बंद पडली आहे.

याच मातीत, आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावी, १८७६ साली गाडगेबाबांचा जन्म झाला. सावकाराचे कर्ज म्हणजे काय हे त्यांनी मामाच्या घरी दापुऱ्याला लहानपणीच पाहिले. पुढे कीर्तनाला उभे राहिले तेव्हा त्यांनी लोकांना देवाची गोष्ट कमी सांगितली आणि कर्जाची, शाळेची, झाडूची जास्त. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला, बाबाही गेले. त्यांच्या मुलुखात पुढे काय गाजावे?

नोव्हेंबर २०२१ मध्ये त्रिपुरातील घटनांवरून अमरावती शहर पेटले. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. हातगाडीवाला, हमाल, धुणीभांडी करणारी बाई घरी बसली. त्यांचा बुडालेला रोज कोणी भरून दिला नाही. नंतर एप्रिल २०२२. अमरावतीच्या तेव्हाच्या खासदार नवनीत राणा आणि त्यांचे पती आमदार रवी राणा यांनी मुंबईत तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या घरासमोर हनुमान चालिसा म्हणण्याचे जाहीर केले. २३ एप्रिलला दोघांना अटक झाली आणि पुढचे दोन आठवडे टीव्हीवर दुसरा विषय नव्हता. त्याच दिवसांत वऱ्हाडच्या बाजारात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. पण तेव्हा कापूस होता कोणाच्या घरात? लहान शेतकऱ्याने तो दिवाळीलाच विकून उधारी फेडली होती. चढा भाव ज्याच्या गोदामात माल होता त्याला मिळाला. पुढच्या दोन वर्षांत भाव सात हजारांच्या आसपास घसरला. त्यावर कोणी ठिय्या दिला नाही.

दर्यापूरजवळच्या एका शेतात वेचणी चालू होती, तेथे आम्ही थांबलो. एका ओळीत बौद्ध, माळी आणि मुसलमान बाया; प्रत्येकीच्या कमरेला ओटी. किलोमागे दहा रुपयांच्या आसपास मजुरी. सकाळपासून वाकलेली एक आजी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "चालिसा कोनी म्हना का नको म्हना भाऊ, आमाले काय त्याचं? वेचनीचे पैसे कवा वाढतीन, थे सांगा." रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता हे तिला ठाऊक होते, काम मात्र मिळाले नव्हते. शेतमालकही काही गबर नव्हता. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामात ८,११० रुपये होता, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने कापसावरचे अकरा टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत माफ केले. व्यापारी हमीभावाच्या खालीच मागत होते.

याच तालुक्यातले दारापूर हे रा. सू. गवई यांचे गाव. त्यांचे पुत्र भूषण गवई मे २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले, या पदावरचे पहिले बौद्ध. ६ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयात एका वकिलाने त्यांच्यावर बूट फेकण्याचा प्रयत्न केला. आपला समाज संतापला आणि ते योग्यच होते. पोटाचा प्रश्न मोठा म्हणून अपमान गिळा, असे आम्हाला कोणी शिकवू नये.

पांढरी खानमपूरचेही तेच. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील या गावच्या प्रवेशद्वाराला बाबासाहेबांचे नाव देण्यावरून वाद झाला. मार्च २०२४ मध्ये बौद्ध कुटुंबे लेकराबाळांसह गाव सोडून चालत निघाली आणि अमरावतीला आयुक्त कार्यालयापाशी येऊन बसली. कमानीचे नाव ही क्षुल्लक गोष्ट आहे असे शहरातले काही शहाणे म्हणाले. ज्याला वेशीबाहेर ठेवले त्याला वेशीवरच्या नावाची किंमत कळते. पण आम्हाला दुसरेही दिसते. कमानीच्या या बाजूचा मजूर आणि त्या बाजूचा मजूर, दोघांचीही शेती नाही किंवा असून नसल्यासारखी. दोघे भांडले की मजुरीचा दर ठरवणारा निवांत झोपतो.

१९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला. त्याच्या मागणीपत्रात संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र लावा अशी मागणी होती आणि भूमिहीनांना जमीन द्या, किमान वेतन द्या, रास्त भावाने धान्य द्या याही मागण्या त्याच कागदावर होत्या. आपल्या अडाणी म्हटल्या गेलेल्या आजोबांना मान आणि भाकर वेगळी करावी लागली नाही. तैलचित्र १९९० च्या एप्रिलमध्ये लागले. जमिनीचे काय झाले ते वेचणीच्या ओळीत उभे राहून पाहावे.

संध्याकाळी एका वस्तीतल्या विहारात बसलो. जयंतीच्या वर्गणीची चर्चा चालली होती. पोरांना डीजे हवा होता. बारावीतली एक मुलगी उठून म्हणाली, अभ्यासिकेचा पंखा दोन उन्हाळे बंद आहे. थोडी कुजबूज झाली. मग वेचणीवरून आलेल्या एका बाईने विचारले की, वर्गणी गोळा करायला सगळी वस्ती फिरता, तर वेचणीचा एकच दर सांगायलाही फिरा ना. माळ्याच्या आणि मुसलमानाच्या बायाही येतात म्हणाल्या. पोरांपैकी एकाने वही काढली आणि कोणत्या वावरात किती दर मिळतो ते एकेकीला विचारून लिहू लागला.