सही करणारा कोळी

पूर्वी कोळ्याचे जाळे दिसले की मी काठीने मोडून टाकायचो. यंदा श्रावणात आमच्या कपाशीच्या बांधावर, घाणेरीच्या झुडपात एक मोठे गोल जाळे दिसले. मी काठी उचलली. तेवढ्यात आजी म्हणाली, “त्याले मारू नको बेटा, तो बी पोटसाठे राबस.” मग मी खाली बसून नीट पाहिले.

जाळ्याच्या मधोमध कोळी डोके खाली करून बसला होता. पोटावर पिवळे व तपकिरी पट्टे. पाय आठ, पण दोन-दोन जोडून ठेवल्यामुळे चारच वाटत होते. त्यांची फुली झाली होती. पायांच्या टोकांशी पांढऱ्या धाग्याची नागमोडी रेघ होती. जणू कोणी सहीच केली आहे!

गुरुजींनी सांगितले, हा स्वाक्षरी कोळी. शास्त्रीय नाव अर्जिओपी अनसूजा. थोरेल नावाच्या शास्त्रज्ञाने १८८७ साली हे नाव दिले. जाळ्यात दिसते ती मोठी मादी असते, साधारण एक सेंटिमीटरची. नर तिच्याहून बराच लहान. भारताशिवाय पाकिस्तान, श्रीलंका व मालदीवमध्येही हा कोळी आढळतो. झुडपे, बागा, शेताचे बांध ही त्याची घरे. सही कशासाठी, याबद्दल शास्त्रज्ञांचे एकमत नाही. कोणी म्हणतात, किडे फसावेत म्हणून. कोणी म्हणतात, पाखरांना जाळे दिसावे व त्यांनी ते तोडू नये म्हणून.

एकदा जाळ्यात नाकतोडा अडकला. कोळ्याने धावत जाऊन त्याला धाग्यात गुंडाळून टाकले. पिकावरचे किडे तो असे फुकटात धरतो. माणसाला त्याच्यापासून धोका नाही.

एके रात्री जोराचा पाऊस आला आणि जाळे तुटले. मला वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर नवे जाळे, नवी सही!

मी हे आजीला सांगितले. आजी कधी शाळेत गेली नाही. माझ्या प्रगतीपुस्तकावर ती अंगठा लावते. ती हसून म्हणाली, “कोळीले सही येस, माले येस नही!” त्याच दिवशी मी तिच्या हातात पाटी दिली. ती रोज लिहायची, चुकायची, पुसायची, परत लिहायची. दिवाळीच्या सुट्टीआधी तिने प्रगतीपुस्तकावर स्वतःचे नाव लिहिले. एक काना वाकडा आला आहे. गुरुजींनी ती सही सगळ्या वर्गाला दाखवली.

मित्रांनो, बांधावर सही केलेले जाळे दिसले तर काठी खाली ठेवा. थोडा वेळ बसून बघा.

— इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी