राष्ट्रीय पोशाख चालेल

भूमध्य समुद्रातल्या सात रात्रींच्या सफरीचे जे माहितीपत्रक लेकीने आम्हांला अकोल्याला पाठवले आहे, त्यात बंदरांना चार पाने दिली आहेत, जेवणाखाणाला दोन आणि पोशाखाला जेमतेम अर्धे. घरात चर्चा मात्र गेले दोन महिने त्या अर्ध्या पानाचीच चालली आहे. सातांपैकी दोन संध्याकाळी 'फॉर्मल' आहेत. त्या दिवशी सहा वाजल्यानंतर मुख्य भोजनगृहात यायचे तर पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट घालावा, स्त्रियांनी पायघोळ गाऊन घालावा. आणि त्यापुढे, जणू जाता जाता आठवले म्हणून, लिहिले आहे की औपचारिक राष्ट्रीय पोशाखही चालेल. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी वरच्या मजल्यावर, ज्याने त्याने आपले वाढून घ्यायचे अशा ठिकाणी जेवावे. शिक्षा म्हणून हे फारसे कडक नाही. पण पंगतीतून उठून ओसरीवर जेवायला बसवण्याचा अर्थ आमच्याकडे वेगळा होतो, आणि तो आम्हांला समजावून सांगावा लागत नाही.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे नवराबायको आणि ब्याऐंशी वर्षांची आई. लेक-जावई परदेशातून परस्पर जहाजावर येणार आहेत. जावईबापूंचा सल्ला सरळ होता: बाबांनी तिथेच डिनर जॅकेट भाड्याने घ्यावे, आईंनी साडी नेसावी, प्रश्न संपला. प्रश्न संपला नाही, कारण त्यांच्या यादीत तिसरे माणूस नव्हते.

हे डिनर जॅकेट मुळात काय आहे ते जरा पाहण्यासारखे आहे. लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या गल्लीतल्या हेन्री पूल यांच्या पेढीने १८६५ साली तेव्हाच्या युवराजासाठी, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेल्या गृहस्थासाठी, एक आखूड निळे जाकीट शिवले, असे ती पेढी सांगते. कशासाठी, तर सँड्रिंगहॅमच्या घरी लांब शेपटीचा कोट न घालता सैलसर जेवता यावे म्हणून. त्याचीच अमेरिकेत पोहोचलेली आवृत्ती न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्क या वसाहतीवरून ओळखली जाऊ लागली. म्हणजे आज ज्याच्यावाचून दारातून आत घेत नाहीत तो एका काळचा घरगुती कपडा आहे. आमच्याकडच्या भाषेत बोलायचे तर बंडीच म्हणा ना. दीडशे वर्षे थांबायची तयारी असेल तर कोणतीही बंडी औपचारिक होऊ शकते, हा त्यातून निघणारा दिलासा. असो.

वऱ्हाडात औपचारिक म्हणजे काय, हे आम्ही या निमित्ताने प्रथमच नीट आठवून पाहिले. विलायतेत पोशाख घड्याळावर ठरतो: सहाच्या आधी एक, सहानंतर दुसरा. आपल्याकडे तो नात्यावर ठरतो. व्याह्याकडे जाताना एक, कचेरीत एक, अंबादेवीला ओटी भरायला जाताना एक. आमच्या आजोबांची पिढी घ्या. धुतलेले धोतर, वर बंद गळ्याचा कोट, डोक्याला काळी टोपी, खांद्यावर उपरणे. अमरावतीच्या कोर्टात तारखेला जायचे असो की मुलगी पाहायला, पुरुषाचा हाच थाट. त्यातला कोट इंग्रजांकडून आलेला आणि धोतर घरचे, पण त्या जोडकामाची खंत त्यांना कधी वाटली नाही. शेरवानीही इथे परकी नव्हती. वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या ताब्यात गेले तरी नावापुरते निजामाचेच राहिले होते आणि १९३६ च्या करारानंतर तर निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. तेव्हा 'राष्ट्रीय' या शब्दाने नेमके कोणते राष्ट्र घ्यायचे, हे आमच्या भागातल्या माणसाने एका दमात सांगावे अशी अपेक्षाच चुकीची आहे.

पण त्याहून मोठा फरक दुसराच आहे. जहाजावर पाहुण्याने सजून यायचे असते. दारातला माणूस पाहतो आणि आत सोडतो. वऱ्हाडातल्या लग्नात पाहुणा जसा आला तसा येतो आणि त्याला सजवतो यजमान. मांडवात सोयऱ्याच्या डोक्यावर टोपी ठेवायची, गळ्यात दुपट्टा घालायचा, बाईमाणसाला लुगडे-चोळी द्यायची. शेतातून परस्पर आलेला मामाही त्या टोपी-दुपट्ट्याने क्षणात औपचारिक होतो. टोपी पातळ होती, दुपट्टा आखूड होता यावरून नंतर रुसवेफुगवे होतात, नाही असे नाही. पण कपड्यासाठी कोणी दारातून परत गेला नाही. अशा व्यवस्थेत वाढलेल्या माणसाला 'आपण काय घालू?' हा प्रश्नच नवा वाटतो. आजवर आम्हांला ते कोणीतरी घालत आले आहे.

अमरावतीहून समुद्रापार गेलेली माणसे काही आमच्यापासून सुरू होत नाहीत. रघुनाथ नरसिंह मुधोळकर १८९० साली काँग्रेसच्या शिष्टमंडळाबरोबर इंग्लंडला गेले. दादासाहेब खापर्डे १९०८ साली टिळकांच्या अपिलासाठी गेले. पापळचे पंजाबराव देशमुख १९२० साली शिकायला गेले. मुधोळकरांच्या काळी समुद्रपर्यटन म्हटले की वाद उठे तो अन्नाचा आणि प्रायश्चित्ताचा. कपड्याचा पेच ज्याचा त्याने एकट्याने सोसायचा. तो कसा सोसला जातो याचा सर्वांत प्रांजळ वृत्तान्त गांधीजींच्या आत्मकथेत आहे. १८८८ साली बोटीवर त्यांनी काळा सूट वापरला आणि पांढऱ्या फ्लॅनेलचे कपडे खास किनाऱ्यावर उतरतानासाठी राखून ठेवले. उतरले तेव्हा विलायतेत शरद ऋतू लागला होता आणि पांढऱ्या कपड्यांतले ते एकटेच होते. पुढे बाँड स्ट्रीटवर त्यांनी संध्याकाळच्या सुटासाठी दहा पौंड घालवले. १९३१ साली हाच माणूस पंचा नेसून बकिंगहॅम राजवाड्यात चहाला गेला. या दोन टोकांच्या मधली त्रेचाळीस वर्षे सर्वांनाच परवडतात असे नाही, आणि आमची सफर तर सात रात्रींची आहे.

माणसांच्या आधी आमच्याकडचा कापूस समुद्रापार गेला होता, ही गोष्ट मात्र आम्हांला फार आवडते. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिकडचा कापूस अडला तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात मोल आले. १८७० साली खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा पोहोचला तोही कापसासाठीच. अमरावतीच्या नावाचा अपभ्रंश होऊन 'ऊमरावती' आणि मग नुसते 'ऊमरा' ही त्या व्यापारात कापसाची जातच ठरून गेली. इस्त्रीने ताठ केलेल्या पांढऱ्या शर्टात आमचा कापूस असेल असा अभिमान बाळगण्यात अर्थ नाही. त्याला लांब धाग्याचा कापूस लागतो, आमचा आखूड धाग्याचा, जाड्याभरड्या कापडाचा. तरीही गावाचे नाव बंदरात पोहोचले होते आणि त्याला कोणी पोशाख विचारला नव्हता.

आम्हा दोघांपैकी एकाचा निर्णय त्यातल्या त्यात लवकर झाला. लग्नातला सूट आता दंडात शिरत नाही. भाड्याचे जाकीट नको, कारण दुसऱ्याच्या घामाचा कपडा घालून आपला मान राखायचा हे मनाला पटेना. धोतर नेसून समुद्रावरच्या वाऱ्यात उभे राहण्याचे धाडस नाही आणि ते नेसण्याचा हातही राहिलेला नाही. तेव्हा काळा बंदगळा. अमरावतीच्या एका जुन्या शिंप्याकडे माप दिले. बंदगळा हा भारतीय पुरुषाचा मध्यममार्ग आहे: गोऱ्यांना तो भारतीय वाटतो, भारतीयांना तो साहेबी वाटतो, आणि टाय बांधावी लागत नाही. दुसरीने मोरपंखी साडी काढून ठेवली. तिला ना माहितीपत्रक वाचावे लागले, ना शिंपी गाठावा लागला.

यातच काहीतरी आहे असे आम्हांला वाटते. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातले १८८५ सालचे एक छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशाच्या वेषात. औपचारिक राष्ट्रीय पोशाख म्हणजे काय हे कुणाला दाखवायचे असेल तर ते छायाचित्र दाखवावे. त्याच पिढीतले पुरुष कोटात शिरत होते. कचेरीसाठी, नोकरीसाठी पुरुषांनी वेष बदलला आणि राष्ट्र सांभाळण्याचे काम बायकांच्या अंगावर टाकले. आजही लग्नाच्या मांडवात नवरदेवाचे मित्र सुटात आणि त्यांच्या बायका शालूत असतात. आनंदीबाईंनीही नऊवारी सोडून गुजराती पद्धतीची साडी पत्करली होती, हे खरे. पण ती तडजोड त्यांची त्यांनी केली होती.

आता तिसरे माणूस. आई नऊवारी नेसते. जन्मभर नेसत आली. आमच्या घरात ज्याला निःशंकपणे राष्ट्रीय पोशाख म्हणता येईल तो एकटीकडे आहे, आणि त्याच्याविषयीच फोनवर लेकीने अडखळत विचारले, "आजीला तेवढ्या दोन दिवसांपुरती सहावारी नेसवता येईल का?" आईने ते ऐकले. तिला ऐकू कमी येते असे समजून आम्ही मोठ्याने बोलतो आणि नको ते तिला नेमके ऐकू येते.

"त्या जहाजवाल्यायनं म्हटलं का असं?" तिने विचारले.

"नाही आई, ते म्हणतात चालेल."

"मंग पोरीले माही लाज वाटते का, तेवढं इचार."

आम्ही विचारले. लाज नाही, असे लेक म्हणाली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली की भीती वाटते; लोक आजीभोवती जमतील, फोटो काढू का विचारतील, आजी म्हणजे त्यांना एक प्रेक्षणीय वस्तू होईल. हे उत्तर आम्हांला प्रामाणिक वाटले. परदेशात पंधरा वर्षे काढलेल्या मुलीला कोणती नजर कशी असते ते आमच्यापेक्षा अधिक कळते. आईला सांगितले तर ती म्हणाली, "काढू दे ना बाप्पा. म्या का चोरी केली?"

मुंबईच्या विलिंग्डन क्लबने १९८८ साली हुसेन अनवाणी आले म्हणून त्यांना आत घेतले नव्हते. चेन्नईत २०१४ साली एका क्रिकेट क्लबाने धोतर नेसलेल्या न्यायमूर्तींना दारातच थांबवले आणि त्यावरून तमिळनाडूला कायदा करावा लागला. दोन्ही दारे भारतातली आणि दारामागची माणसेही भारतातलीच. या अनुभवापुढे जहाजकंपनी उदारच म्हटली पाहिजे. आम्ही तरीही तिला पत्र लिहून विचारले की सुती, घरी धुतलेले नऊवारी लुगडे औपचारिक धरले जाईल काय. उत्तर अदबीचे आले: आपल्या आईसाहेब आपल्याकडील लग्नसमारंभात जे नेसतात ते अवश्य नेसावे.

लिहिणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नाही, पण अडचण नेमकी तिथेच होती. बाबा २००९ साली गेले. तेव्हापासून आई लग्नाला फिक्या सुती लुगड्यात जाते आणि हळदीच्या वेळी आतल्या खोलीत पोरे सांभाळत बसते. तिला कोणी तसे सांगितलेले नाही. सांगावे लागत नाही, हेच तर त्या रीतीचे बळ. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने तो कित्ता इतर गावांनीही गिरवावा असे परिपत्रक काढले. आम्ही बातमी तिला वाचून दाखवली होती. "चांगलं केलं," ती म्हणाली आणि निवडत असलेली मेथी निवडत राहिली.

तिचे एक रेशमी लुगडे आहे, आमच्या लग्नात नेसलेले, जांभळे, रुंद काठाचे. गेल्या आठवड्यात ते कपाटातून काढून उन्हात टाकले तेव्हा घड्यांवर रेशीम थोडे विरलेले दिसले. आई खाटेवरून पाहत होती. "मले जर शोभते का आता?" एवढेच म्हणाली. प्रश्न होता की नकार ते आम्हांला कळले नाही, आणि लेकीने फोनवर "शोभेल, आजी" म्हटले त्यावर ती काही बोलली नाही.

ठरले ते असे. पहिल्या औपचारिक संध्याकाळी आई खळ देऊन इस्त्री केलेले पांढऱ्यावर निळ्या चौकड्यांचे सुती लुगडे नेसणार. हे तिने स्वतः ठरवले आणि त्यावर चर्चा नाही. दुसऱ्या संध्याकाळचे अजून कोणी काही ठरवलेले नाही. विमानात माणशी तेवीस किलो सामान चालते. काल बॅग भरताना दुसरीने जांभळे लुगडे जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून सगळ्यांत खाली ठेवले. आई दारात उभी होती.

"वजन वाढन," ती म्हणाली, आणि ते काढायला न सांगता चहाला गेली.