जुन्नरची ठेव

जुन्नरला जायचे म्हणजे शिवनेरीला जायचे, असा आपल्याकडे एक समज आहे आणि तो वावगाही नाही. ज्या गावाच्या डोक्यावरच्या किल्ल्यात १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म झाला, त्या गावाला आणखी ओळख हवी तरी कशाला? पण गंमत अशी की, गडाचे सात दरवाजे चढून शिवाईचे दर्शन घ्यावे, जन्मस्थानासमोर माथा टेकावा आणि गंगा-जमुनेच्या टाक्यांतले गार पाणी पाहून संध्याकाळच्या एस्.टी.ने पुण्याला परतावे, असे करणाऱ्याला शिवनेरी भेटतो, जुन्नर भेटत नाही. जुन्नर भेटायचे तर तिथे मुक्कामच केला पाहिजे, आणि तोही एखाद्या बागाईतदाराच्या घरी.

मला असे घर लाभले. घराचे मालक सत्तरीच्या घरातले. सारी वस्ती त्यांना बापू म्हणते, म्हणून मीही बापूच म्हणतो. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला डावीकडे वळले की अर्ध्या तासात त्यांच्या मळ्याचा बांध लागतो. माघ सरत आला होता. दोन्ही हातांना द्राक्षांचे मांडव, मधूनच उसाचे फड, आणि मागे शिवनेरीचा तो ताशीव कडा. उसात बिबट्या असतो, हे मला वाटेतच तिघांनी आवर्जून सांगितले. पाहुण्याला पाणी विचारावे तितक्या सहजपणे इथे बिबट्याची बातमी देतात!

"आधी चहा, मग लेणी," बापू म्हणाले. "लेणी काय दोन हजार वर्षं थांबल्यात. चहा निवंल."

जुन्नरच्या चारी अंगांच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी आहेत. एकाच गावाच्या परिसरात इतकी लेणी भारतात दुसरीकडे कुठेही नाहीत. लेण्याद्रीला अष्टविनायकांतला गिरिजात्मज आहे, म्हणून तिथल्या २८३ पायऱ्या चढणाऱ्यांची रीघ लागलेली असते. आपण गणपतीपुढे हात जोडतो ती जागा मुळात बौद्ध भिक्षूंच्या विहाराची, हे पुष्कळांच्या ध्यानीही येत नाही. तुळजा, मानमोडी आणि खुद्द शिवनेरीच्या पोटातली लेणी मात्र बहुधा वटवाघळांच्याच ताब्यात असतात.

इतकी लेणी इथेच का? कारण इथून वाट जात होती. कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून नाणेघाट चढे आणि जुन्नरवरून पैठणकडे जाई. घाटाच्या माथ्यावरच्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा यज्ञांचा आणि दक्षिणांचा हिशेब सांगणारा प्रसिद्ध लेख आहे. बाहेर एक भला मोठा दगडी रांजण आहे. तो जकातीचा, असे लोक सांगतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्द्याने आपल्या किनाऱ्याची जी माहिती लिहून ठेवली आहे, तीत भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत मद्य आहे, आणि त्यातही इटलीच्या मद्याला पहिली पसंती. म्हणजे द्राक्षाचा रस या मुलखाला आज नवा नाही. फरक इतकाच की, तेव्हा तो बाहेरून येत होता.

दुपारी आम्ही मानमोडीच्या डोंगरावर गेलो. बापूंना ब्राह्मी वाचता येत नाही, मलाही जेमतेमच. पण जुन्नरच्या लेखांत काय आहे ते मी पुस्तकांतून वाचून गेलो होतो, ते त्यांना सांगत राहिलो. दाने देणारे सगळेच काही राजेमहाराजे नाहीत. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने ४६व्या वर्षी मंडप आणि पाण्याचे टाके दिले, हे खरे. पण इरिल नावाच्या यवनानेही दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दान दिले. परमुलखातून आलेल्या माणसाला इथे काय ठेवून जावेसे वाटले? तर पाणी!

आणि एका लेखापाशी तर मी थबकलोच. आदुथुम नावाच्या एका शकाने काही शेतांचे उत्पन्न एका श्रेणीकडे ठेव म्हणून सोपवले. कशासाठी? करंजाची आणि वडाची झाडे लावण्यासाठी. नाशिकच्या पांडवलेण्यांत याच काळातला उषवदाताचा लेख आहे, त्यात हा व्यवहार अधिकच स्पष्ट होतो. त्याने ३,००० कार्षापणे गोवर्धन येथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि १,००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही. व्याजातून भिक्षूंना वस्त्रे आणि इतर खर्च मिळत राहावा. हे सारे निगमसभेत ऐकवून फलकावर नोंदवले आणि मग दगडात कोरले. अशा ठेवीला नाव मोठे सुंदर आहे, अक्षयनीवी. कधीही न आटणारे मुद्दल.

बापू दगडावर टेकून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे इणकरांवर लोकांचा इतका भरवसा होता म्हणायचा. आन् त्यांनी पैसे बुडवले असते तर?"

"तर डोंगरावर नाव होतंच की बापू, येणाऱ्याजाणाऱ्याने वाचायला."

"हां," ते म्हणाले, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

हे मौन कशाचे होते, ते मला रात्री समजले. जेवणे झाली होती. वहिनींनी ताटातल्या मासवडीचा आग्रह चौथ्यांदा करून पाहिला होता. अंगणातल्या मांडवाखाली बाज टाकून आम्ही बसलो. मांडवावर एकच वेल होती. तिचे घोस लहान, मणी काळे, बारीक आणि गच्च. मी एक मणी तोंडात टाकला. साल जाड, आत बिया, पण गोडी भलतीच तीव्र.

"ती खायची नव्हं," बापू हसले. "ती वाइनची."

मग हळूहळू हकीकत निघाली. १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या छायेत वाढलेली ही पिढी. द्राक्षाची दारू करायची म्हटले तर घरच्या वडीलधाऱ्यांनी उंबऱ्यात उभे केले नसते. पण १९८० नंतरच्या दशकात नारायणगावला फेसाळणाऱ्या वाइनचा कारखाना निघाला आणि त्याचा माल परदेशी जाऊ लागला. २००१ मध्ये राज्य सरकारनेच द्राक्षप्रक्रियेचे धोरण जाहीर केले. नाशिककडे वायनऱ्या उभ्या राहिल्या. ज्या वस्तूचे नाव घ्यायची चोरी, तिला आता शेतमालाची प्रक्रिया म्हणू लागले! बापूंनीही एका वायनरीशी करार करून दोन एकरांत शिराझ लावली. वायनरीचे नाव त्यांनी घेतले नाही, मीही विचारले नाही.

द्राक्षाची वेल म्हणजे हंगामी पीक नव्हे. एकदा लावली की पंधरा वर्षांचा संसार. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि मध्ये पाऊस, करपा, भुरी यांच्याशी सतत झगडा. खायच्या द्राक्षाचा भाव पडला, तर निदान हातगाडीवर तरी विकता येते, नाही तर त्याचा बेदाणा करता येतो. पण वाइनचे द्राक्ष वायनरीने घेतले नाही, तर त्याला बाजारच नाही. बारीक, बियांची, जाड सालीची द्राक्षे कोण खाणार? म्हणजे करार हाच त्या पिकाचा सारा बाजार.

काही वर्षे पैसे वेळेवर आले. बापूंनी विहिरीवर नवी मोटार बसवली. मग २००८-०९ ची मंदी आली. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेले ओस पडली, वाइनचा उठाव थांबला. कित्येक वायनऱ्यांच्या टाक्यांत जुना माल तसाच पडून राहिला आणि शेतकऱ्याचा नवा माल वेलीवर. बापूंचे एका हंगामाचे पैसे 'पुढच्या महिन्यात' होत होत कायमचे राहिले.

"कुऱ्हाड म्या सोताच चालवली," बापू म्हणाले. "गड्याला सांगवंना. ही एक ठिवली. तिनं काय केलं हुतं?"

वहिनी आतून म्हणाल्या, "कराराचा कागद अजून आहे ट्रंकेत. उंदरांनी अर्धा खाल्ला."

आम्ही तिघेही हसलो. जुन्नरचा कागद एके काळी प्रसिद्ध होता. पेशवाईतल्या दप्तरांत जुन्नरी कागद वापरला जाई, आणि तो अजून टिकून आहे. कागदाचा दोष नव्हताच.

२०१८ साली जुन्नर पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. २०२५ च्या जुलैत शिवनेरी मराठ्यांच्या इतर ११ किल्ल्यांसह जागतिक वारशाच्या यादीत गेला. आनंदाची गोष्ट आहे. माणसे येतील, द्राक्षाच्या मांडवाखाली बसून रस पितील, बागा पाहतील. कुणी वायनरीतही जाऊन पेला उंचावील, आणि त्यालाही माझी ना नाही. पण वारसा म्हणजे केवळ कडा, दरवाजे आणि लेण्यांच्या कमानी नव्हेत. परक्या शकाने आपल्या शेतांचे उत्पन्न इथल्या माणसांच्या हाती निर्धास्त सोपवावे आणि त्यांनी त्यातून झाडे लावावीत, हाही जुन्नरचा वारसाच. तो यादीत घालता येत नाही. रोजच्या व्यवहारात पाळला, तरच उरतो.

सकाळी बापू मला बागेत घेऊन गेले. दोन एकरांत आता खायची काळी द्राक्षे आहेत. त्यांनी आणि आसपासच्या आठ-दहा शेतकऱ्यांनी मिळून गट केला आहे. माल एकत्र विकतात, आणि व्यापाऱ्याचा पैसा हाती आल्याशिवाय गाडी भरू देत नाहीत. महिन्याच्या महिन्याला बैठक होते आणि हिशेब सर्वांसमोर मोठ्याने वाचतात.

"श्रेणीच झाली की बापू ही," मी म्हटले.

"तसं म्हणा," ते म्हणाले, आणि घोसाखाली हात धरून कात्रीने देठ कापू लागले.