एकविशीची गाडी, बेचाळिशीचं गिऱ्हाईक

मोटारींच्या प्रदर्शनात दोन प्रकारच्या गाड्या असतात. एक विकायच्या आणि दुसऱ्या नुसत्या दाखवायच्या. या दुसऱ्या जातीला 'कन्सेप्ट कार' म्हणतात. लग्नाच्या स्थळाकडून येणाऱ्या फोटोसारखं तिचं असतं. फोटोतलं माणूस आणि समोर येऊन चहा पिणारं माणूस यांत थोडं अंतर राहणारच, हे दोन्ही पक्षांनी धरून चाललेलं असतं. बहुतेक कन्सेप्ट गाड्या प्रदर्शन आटोपलं की गोदामात जातात. काही मोजक्या मात्र जवळजवळ तशाच्या तशा रस्त्यावर येतात. अशा एका गाडीची गोष्ट मला फार दिवसांपासून सांगायची होती. ही गाडी भारतात कधी विकायला आली नाही. तरीही तिची गोष्ट आपल्या कामाची आहे असं मला वाटतं.

२००१ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या प्रदर्शनात होंडा कंपनीने 'मॉडेल एक्स' नावाची गाडी मांडली. कंपनी जपानी, पण गाडी आखली होती तिच्या अमेरिकेतल्या मंडळींनी. गिऱ्हाईक त्यांच्या डोळ्यांसमोर अगदी स्पष्ट होतं. कॉलेजात जाणारा, विशी-एकविशीतला मुलगा. शनिवारी समुद्रावर, रविवारी डोंगरावर. सायकल आहे, सर्फबोर्ड आहे, ओले कपडे आहेत, सोबत मित्र आहेत आणि रात्री कुठं झोपायचं याचा पत्ता नाही. या मुलाची नाडी ओळखायला ही मंडळी 'एक्स गेम्स' नावाचे साहसी खेळांचे सामनेसुद्धा बघून आली.

गाडीचा घाट कशावरून घेतला असेल? समुद्रकिनाऱ्यावरच्या जीवरक्षकांच्या टपरीवरून! गोव्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. २००८ पासून आपल्या किनाऱ्यांवर 'दृष्टी'चे जीवरक्षक उभे राहू लागले आणि त्यांची ती उंच मचाणं मिरामारपासून कोलव्यापर्यंत आपण पाहिली आहेत. कॅलिफोर्नियातली टपरी म्हणजे खांबांवर उभी केलेली छोटीशी खोलीच असते. दिवसा झडपा उघडल्या की समोर सगळा समुद्र, संध्याकाळी मिटल्या की आतलं सामान सुरक्षित. गाडीही तशीच हवी, असं त्यांनी ठरवलं.

म्हणून ती झाली खोक्यासारखी चौकोनी. बाजूचे दोन दरवाजे कपाटाच्या दारांसारखे समोरासमोर उघडणारे आणि त्यांच्यामध्ये खांबच नाही. दोन्ही दारं उघडली की गाडीची एक बाजू संपूर्ण मोकळी. आतली जमीन सपाट, वाळू-चिखल झाला तर पुसून काढता येईल अशी. मागच्या सीटा उचलून भिंतींना टांगता येतात, नाहीतर काढून सरळ घरी ठेवता येतात. पुढच्या-मागच्या सगळ्या पाडल्या तर ओबडधोबड का होईना, पण बिछाना तयार. कंपनीच्या लोकांनी तिला 'चाकांवरची हॉस्टेलची खोली' असं म्हटलं होतं म्हणे.

२००२ च्या डिसेंबरात ही गाडी 'एलिमेंट' या नावाने अमेरिकेत विक्रीला आली. ओहायो राज्यातल्या ईस्ट लिबर्टीच्या कारखान्यात ती तयार व्हायची. किंमत साधारण सोळा हजार डॉलरपासून पुढे. जाहिरातीत काय असणार? समुद्रकिनारा, संध्याकाळ, गाडीभोवती मजा करणारी देखणी कॉलेजची पोरं-पोरी. २००३ या पहिल्या पुऱ्या वर्षात सदुसष्ट हजारांच्या आसपास गाड्या खपल्या. कंपनी खूश.

मग कुणीतरी घेणाऱ्यांची वयं मोजली. सरासरी निघाली ४२!

हा आकडा आता विपणनाच्या पाठ्यपुस्तकातसुद्धा जाऊन बसला आहे. फिलिप कोटलर आणि केव्हिन केलर यांच्या जाडजूड ग्रंथात तो उदाहरण म्हणून येतो. एकवीस वर्षांच्या मुलासाठी गाडी केली आणि ती विकत घ्यायला आला त्याचा काका. वाचून आपण हसतो. पण जरा थांबून विचार केला की यात हसण्यासारखं फारसं काही नाही असं लक्षात येतं.

पहिलं कारण तर शेंबड्या पोरालाही कळेल असं. एकविशीत नवी गाडी घ्यायला पैसे कुणाकडे असतात? अमेरिकेतही ती मुलं बापाची जुनी गाडी नाहीतर चौथ्या हातातली गाडी चालवतात. दुसरं कारण गाडीच्या पोटात आहे. धुवायला सोपी जमीन, निघणाऱ्या सीटा, मोठं तोंड, चढा-उतरायला सोयीची उंची. यातली कुठली गोष्ट सर्फिंग करणाऱ्यालाच लागते? ज्याच्या घरात कुत्रा आहे, बागेसाठी खताची पोती आणायची आहेत, जुनं कपाट आईकडे पोचवायचं आहे, गुडघे थोडे कुरकुरायला लागले आहेत, त्याला हे सगळं जास्त लागतं. पसारा तरुणांचा असतो असं आपण म्हणतो. तरुणाचा पसारा म्हणजे एक पिशवी हो! खरा पसारा चाळिशीत होतो.

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, आणि तिथं गोव्याचा एक धागा आहे. २००३ साली जे अमेरिकन चाळीस ते पंचावन्नच्या आसपास होते ती दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली पिढी. या पिढीतले वयाने थोरले असलेले काहीजण साठीच्या दशकाच्या शेवटी आणि सत्तरीच्या दशकात केस वाढवून, फोक्सवॅगनच्या व्हॅनमधून, इराण-अफगाणिस्तान तुडवत हणजूण-वागातोरला येऊन राहिले. आपल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना पाहिलं, नाकं मुरडली, खोल्याही भाड्याने दिल्या. ते मूठभर. त्याच पिढीतले उरलेले लाखो लोक कुठंही गेले नाहीत. ते नोकरीला लागले, घराचे हप्ते फेडत बसले. आणि एक दिवस टीव्हीवर त्यांना समुद्र, वाळू आणि झोपता येईल अशी चौकोनी गाडी दिसली. जाहिरात मुलासाठी होती, पण तिच्यातली हाक ऐकू गेली बापाला. ज्याच्या हातात तारुण्य आहे त्याला त्याचं चित्र विकत घ्यावंसं वाटत नाही. ते विकत घ्यावंसं वाटतं ज्याचं निसटलं त्याला, किंवा ज्याला ते कधी नीट मिळालंच नाही त्याला.

असं एकाच कंपनीचं झालं असंही नाही. जनरल मोटर्सने १९९९ मध्ये डेट्रॉइटलाच 'अझटेक' नावाची कन्सेप्ट गाडी दाखवली होती. तीही तरुण, भटक्या मंडळींसाठी. विक्रीला आल्यावर तिच्या मागच्या दाराला जोडायला तंबू मिळायचा आणि पुढच्या दोन सीटांमध्ये थंड पेयांची काढती पेटी होती. ती फारशी खपली नाही आणि २००५ मध्ये बंदही पडली. पुढे 'ब्रेकिंग बॅड' या गाजलेल्या मालिकेत ती कुणाला दिली? पन्नाशीला पोचलेल्या, पिचलेल्या, रसायनशास्त्राच्या मास्तरला. मालिकावाल्यांनी गाडी बरोबर ओळखली होती.

होंडाच्या लोकांना वेळाने का होईना, आपलं गिऱ्हाईक कळलं. २००९ साली त्यांनी एलिमेंटची खास कुत्र्यांसाठी आवृत्ती जाहीर केली. मागे कुत्र्याचा बिछाना, पंखा, न सांडणारं पाण्याचं भांडं आणि चढायला उतरण. सर्फबोर्डसाठी उघडलेल्या दारातून म्हातारा कुत्रा हळूहळू वर चढतो आहे, हे चित्र मला मूळ जाहिरातीपेक्षा जास्त आवडतं. पण तोवर खप उतरला होता. २०१० मध्ये जेमतेम चौदा हजारांच्या आसपास गाड्या विकल्या गेल्या आणि २०११ मध्ये एलिमेंट बंद झाली. गंमत म्हणजे जुनी एलिमेंट हौसेने शोधून तिच्यात झोपण्या-रांधण्याची सोय करून घेणारे लोक त्यानंतर वाढले.

आता मला ही गोष्ट का सांगाविशी वाटली ते सांगते. २००२ साली मी बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला होते. म्हणजे त्या कंपनीने कल्पिलेल्या वयाची अगदी तंतोतंत. (मुलगी असल्यामुळे त्यांच्या हिशेबात मी नव्हते, ते सोडा.) पण माझी एकविशी त्या चित्रात कुठंच बसत नव्हती. कदंबचा पास, ग्रंथालयाची दोन पुस्तकं, टायपिंगचा वर्ग आणि सरकारी नोकरीच्या जाहिरातींची कात्रणं. समुद्र घरापासून वीस मिनिटांवर होता. तिथं आम्ही जायचो ते पाहुणे आले की. माझ्या वर्गातल्या मुलांचंही यापेक्षा वेगळं नव्हतं. 'ॲक्टिव्ह' आम्हीही होतोच की! सकाळी सहाची बस पकडणारा माणूस ॲक्टिव्ह नसतो का? पण अशा तरुणासाठी कन्सेप्ट कुणी काढत नाही. तरुण म्हटला की कंपन्यांना मोकळा वेळ असलेला माणूसच दिसतो. आणि मोकळा वेळ नसलेल्या तरुणांची संख्या जगात कितीतरी मोठी आहे.

आमच्यासाठीही त्याच होंडाने काहीतरी आणलं होतं, तेही २००१ सालीच. ॲक्टिव्हा! तिच्या वाट्याला डेट्रॉइटचा झगमगाट आला नाही, तिला कुणी 'कन्सेप्ट' म्हटलं नाही. गिअर नाही, बटण दाबलं की सुरू, आणि पायाशी सपाट जागा. नोकरी लागल्यावर दोन वर्षांनी मी ती घेतली. एलिमेंटबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या सपाट जमिनीचं वर्णन ओळखीचं वाटलं ते यामुळेच. त्या वीतभर जागेत मी काय काय नेलं नाही? गॅसचा सिलिंडर, तांदळाची पिशवी, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली कलमं, उभं राहून आरसा धरणारी माझी लेक, आणि एकदा आजारी मांजर. चिखल झाला की दोन तांबे पाणी ओतायचं. जागा सपाट ठेवली की माणसं तिचं काय करायचं ते आपापलं ठरवतात. एलिमेंट करणाऱ्यांनी जमीन सपाट ठेवली, तिथं ते जिंकले. त्यावर कोण उभं राहणार हेही त्यांनी ठरवून टाकलं, आणि तेवढंच त्यांचं चुकलं.

आज मी त्या बेचाळिशीच्या पलीकडे दोन पावलं आहे. हणजूणच्या रस्त्यावरून दिल्ली-बंगळूरची मुलं-मुली भाड्याच्या, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या ॲक्टिव्हा घेऊन वाऱ्यावर केस सोडून जातात. चेहऱ्यावर अगदी त्या जाहिरातीतला आनंद. जी गाडी आम्ही सिलिंडर आणायला घेतली, ती त्यांच्यासाठी सुट्टीची गाडी आहे. ओहायोतली सुट्टीची गाडी कुणा काकांसाठी पोती वाहायची गाडी झाली होती, त्याचंच हे उलटं टोक. मला त्या मुलांचा हेवा वाटत नाही असं म्हणणार नाही. थोडा वाटतो.

माझी लेक आता कॉलेजात जाते. तिला गाडी हवी आहे, आणि कुठली हवी याची यादीही तयार आहे. परवा तिने मला तिच्या मोबाइलवर एक कन्सेप्ट गाडी दाखवली. विजेवर चालणारी, छोटी, 'तरुण, उत्साही चालकांसाठी'. मी विचारलं, मागची सीट पाडता येते का? चतुर्थीला माटोळीचं सामान आणि गणपती एकाच खेपेत यायला पाहिजेत. ती म्हणाली, "आई, ही गाडी तुझ्यासाठी नाहीय."

बघू या. कंपन्यांनाही तसंच वाटतं.