मोटर थांबत नाही

तळघरातलं पिनबॉल यंत्र १९७०च्या आसपासचं, शिकागोत बनलेलं. आत एकही चिप नाही. रिले, कॉइल, दात्यांची चाकं आणि वायरींचा गुंता. स्मरणशक्ती आहे, पण ती चाक कुठे थांबलंय यात.

*

नवा खेळ सुरू केला की स्कोअर मोटर घरघरत राहते. दोन संध्याकाळी मोटरलाच शिव्या दिल्या. ती बिचारी ठणठणीत. आकड्यांची सगळी चाकं शून्यावर आल्याचा निरोप मिळेपर्यंत फिरायचं, एवढंच तिला ठाऊक. चारही चाकांवर शून्य दिसतंय, मग निरोप कुठे अडला? चाकामागे स्विचच्या पत्त्यांच्या दोन जोड्या: एक चाकाला थांबवते, दुसरी मोटरला कळवते. दहाच्या चाकाची दुसरी जोडी शून्यावर उघडतच नव्हती. आधीच्या कुणा हौशी माणसाने पक्कडीने वाकवलेली. केसभर सरळ केली. मोटर गप्प.

*

स्कूटरचे पॉइंट पॉलिश पेपरने घासायची जुनी खोड. इथे पत्त्यांवर चांदीचे पॉइंट. फार घासले तर उरणारच नाहीत. कोरं व्हिजिटिंग कार्ड मधे धरून ओढलं की पुरतं. अर्थात प्लग काढून.

*

कान लावावा. ५० गुणांना मोटर १०चा ठोका पाच वेळा देते. चारच ऐकू आले तर पाचवा कुठे गळला हे मोटरवरच्या पत्त्यांत शोधायचं. खोलीतला दिवा मालवला तर ठिणगीही दिसते.

*

जळका वास आला तर आधी चेंडू उडवणारा फ्लिपर बघावा. त्याच्या कॉइलला दोन वेटोळी: एक जोरदार फटक्यासाठी, दुसरं फ्लिपर नुसता वर धरून ठेवायला. टोकाला पोचताच एक पत्ती उघडून दुसरं वेटोळं मधे घालते, प्रवाह उतरतो. पत्ती उघडली नाही तर बटण दाबून धरणारा खेळाडू कॉइल भाजत बसतो. फ्लिपर आले १९४७मध्ये, गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’वर, हॅरी मॅब्जच्या डोक्यातून. एकदम सहा!

*

न्यूयॉर्कने १९४२च्या सुमारास पिनबॉलवर घातलेली बंदी १९७६मध्ये उठवली. रॉजर शार्प या खेळाडूने नगरसेवकांसमोर खेळून दाखवलं, की यात नुसतं नशीब नाही. तोवर रिलेचे दिवस भरत आले होते. दोन-तीन वर्षांत इलेक्ट्रॉनिक यंत्रांनी जागा घेतली.

*

१००ची घंटा अजून मुकी. तिच्या कॉइलचा दांडा नळीत चिकटलाय, कुणीतरी तेल सोडलेलं दिसतं. या नळ्या कोरड्याच ठेवायच्या असतात. उद्या काढून पुसतो.