उलार

यंदाच्या उन्हाळ्यात माझ्या टेबलावर कादंबरीच्या हस्तलिखिताऐवजी एक चौकटीची वही पडून होती. तिच्यात लोखंडी चॅनेलची मापे होती, टायरांचे आकार होते, आणि पानोपानी वजनांच्या बेरजा होत्या. एक संपादक घरी आले होते; त्यांनी ती वही सहज उघडली आणि आदराने मिटून ठेवली. बहुधा प्रायोगिक लेखन समजले असावेत!

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तरफेवरचा प्रश्न परीक्षेत आला की तो ऐच्छिक समजून सोडून देणारा मी विद्यार्थी. पुढे मास्तरकी पत्करली, मुलांना मराठी शिकवले, चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या दोन कादंबऱ्यांत मी बैलगाडी घाटात उलटवली आहे. पण लहान ट्रॅक्टर एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायला पिकअपच्या मागे कोणती गाडी जोडावी, हा प्रश्न आयुष्यात माझ्यापुढे येईल असे कधी वाटले नव्हते. तो आला धाकट्या भावामुळे.

आम्ही मुलुंडचे. ट्रॅक्टर ही वस्तू उपनगराला तशी परकी नव्हे. तिकडे कांदिवलीला १९६३ साली महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर या तिघांच्या भागीदारीत ट्रॅक्टर कंपनी निघाली आणि बी-२७५ नावाचा ट्रॅक्टर तिथे तयार होऊ लागला. १९७७ साली ती महिंद्रात विलीन झाली. पण आमच्या बाजूच्या लोकांना ट्रॅक्टर म्हणजे दुसऱ्याच्या शेतातली चीज. आमची माणसे लालबहादुर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यांत जायची आणि भोंगा झाला की परत यायची. ते कारखाने एकेक करून गेले, त्या जागी मनोरे उभे राहिले. भावाचा कारखानाही गेला. हातात एकरकमी पैसे आले आणि घरात बसवेना. चाळिशीच्या माणसाने दिवसा घरी असणे हे चाळीत फार जड जाते. दार उघडे ठेवावे की लावावे, तेच समजत नाही.

एके दिवशी तो म्हणाला, "दादा, मी वाड्याला जातो. आप्पांची अडीच एकर आहे."

वाडा तालुका पूर्वी ठाण्यात होता, २०१४पासून पालघर जिल्ह्यात आहे. तिथल्या कोलम तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण नुसत्या अडीच एकरांवर कुणाचे घर चालत नाही. भावाचा हिशेब असा, की आपली जमीन कसायची आणि बाकीचे दिवस ट्रॅक्टर भाड्याने फिरवायचा. एक टोक वाड्याला, दुसरे मुरबाडकडे मामांच्या गावी. भाताची खाचरे लहान, बांध अरुंद. मोठा ट्रॅक्टर तिथे वळतच नाही. म्हणून त्याने पंधरा अश्वशक्तीचा लहानगा घेतला, आणि शिवाय एक जुनी पिकअप. सव्वा टन माल वाहणारी.

आता तुम्ही म्हणाल, ट्रॅक्टरला चाके आहेत, चालवत न्यावा! पण त्याची चाल तासाला वीसपंचवीस किलोमीटर. एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्यात अर्धा दिवस मोडतो, आणि डांबरावर मागच्या टायरांचे दाते झिजतात ते वेगळेच. पाऊस लागला की चिखलणी सगळ्यांना त्याच आठ दिवसांत हवी असते. तो अर्धा दिवस म्हणजेच भावाची कमाई.

पहिल्या वर्षी त्याने सगळे करतात तेच केले. पिकअपच्या हौद्याला दोन फळ्या लावायच्या आणि ट्रॅक्टर वर चढवायचा. वजनाच्या दृष्टीने त्यात चूक काही नव्हती. ट्रॅक्टर पावणेआठशे किलोंच्या आसपास. पण हौदा कमरेइतका उंच, फळ्या ओल्या, चाकांना चिखल. जुलैतल्या एका संध्याकाळी पुढचे चाक फळीवरून घसरले. भावाने उडी टाकली म्हणून वाचला. तो ज्या बाजूला उभा असता त्याच बाजूला ट्रॅक्टर कलंडला. हे त्याने आम्हांला सांगितलेच नाही. भावजयीने सांगितले, तेही चार महिन्यांनी, भाऊबीजेला, ताटाभोवती रांगोळी काढता काढता: "भाऊजी, ह्यांना तुम्ही काही सांगाल का? माझं ऐकत नाहीत."

मी काय सांगणार? मी वही घेतली.

ट्रॅक्टर उंच चढवायचा नाही, तर गाडीच सखल हवी. म्हणजे पिकअपच्या मागे जोडायचा ट्रेलर. पहिल्यांदा भावाने शेतावरची जुनी ट्रॉली आणायचे ठरवले. स्वस्त मिळत होती. पण ती ट्रॅक्टरमागे रमतगमत जायला केलेली. खाली पाटे नाहीत, ब्रेक नाही, आणि रिकामीच इतकी जड की पिकअपची निम्मी ताकद तिलाच ओढण्यात जावी. शिवाय तिचाही साठा कमरेइतकाच उंच. म्हणजे फिरून फळ्या आल्याच.

मग आम्ही एका वेल्डिंगवाल्याकडे गेलो. त्याने खडूने जमिनीवरच चित्र काढले. एका आसाचा ट्रेलर, दोन चाकांचा, हलका. त्याच्या शेजारी दुसरे चित्र: दोन आसांचा, चार चाकांचा, महाग. भावाचा जीव पहिल्यावर. माझा दुसऱ्यावर, कारण माझे मन नेहमी पंक्चरचाच विचार करते. एका आसाच्या गाडीचे टायर वाटेत फुटले, तर सगळे ओझे एका अंगाला. चार चाकांत उरलेली तीन थोडा वेळ तरी सांभाळून घेतात. पण खरे भांडण झाले ते ब्रेकवरून. तिसऱ्या चित्रात ब्रेक होता, आणि त्यासाठी निराळे पैसे.

त्या ब्रेकची युक्ती मला फार आवडली. पिकअप थांबू लागली की मागची गाडी पुढे रेटते. त्या रेट्यानेच जोडातला दांडा आत सरकतो आणि मागच्या चाकांचे ब्रेक लागतात. जेवढा रेटा जास्त, तेवढा ब्रेक घट्ट. वर्गातल्या काही मुलांच्या बाबतीत असे काही करता आले तर! मागे घेताना मात्र तो नेमका नको तिथे लागतो. त्यासाठी एक खिटी असते, ती अडकवावी लागते.

मी वही उघडली. ट्रॅक्टर पावणेआठशे, ट्रेलर चारशे. जवळजवळ बाराशे किलो. रोटाव्हेटर दोन-सव्वादोनशे, तो मागे न ठेवता पिकअपच्या हौद्यात ठेवायचा. पिकअप स्वतः दीड टनाच्या वर. ओढणारा ओढल्या जाणाऱ्यापेक्षा जड हवा, एवढे मला मॅट्रिकच्या जोरावरही कळते. पण उतारावर हे बाराशे किलो मागून ढकलू लागले की पिकअपच्या चार ब्रेकांनी ते कुठवर सोसावे? भाऊ गप्प राहिला. भावजय म्हणाली, "ब्रेकवाला घ्या. बांगड्यांचं नंतर बघू." बांगड्या मोडायचे कुणी म्हटलेच नव्हते. तिने ते आधीच ठरवून ठेवले होते, एवढेच.

कागदपत्रांत दोन महिने गेले. १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रेलरलाही स्वतंत्र नोंदणी लागते, आणि त्याच्या पाठीवर ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक दिसावा लागतो. ही पिकअप किती ओढू शकते ते आम्ही लेखी विचारले, आणि उत्तर हाती येईपर्यंत वेल्डिंगवाल्याला विसार दिला नाही. भाऊ कुरकुरला. कुरकुरू दे.

ट्रेलर आला त्या रविवारी आई खाली उतरली. आमची आई पंच्याहत्तरीची. लग्न होऊन वाड्याला गेली ती बैलगाडीतून. ट्रॅक्टर ट्रेलरवर चढला. आता साठा गुडघ्याइतकाच, उतरती फळी रुंद आणि जाळीची, त्यामुळे आवाजसुद्धा झाला नाही. चारी कोपऱ्यांना साखळ्या ताणल्या, गिअर टाकला, हाताचा ब्रेक ओढला. आई सगळ्याभोवती एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "ही उलार आहे रे."

वेल्डिंगवाल्याला शब्द कळेना. मलाही तो कितीतरी वर्षांनी ऐकू आला. गाडीत ओझे मागे झाले की पुढची बाजू उचलते, जू बैलांच्या मानेवरून वर ओढले जाते. ती गाडी उलार. ओझे फार पुढे घेतले तर मानेवर भार पडून बैल दमतो. आप्पा गाडी भरताना जू हाताने उचलून बघत आणि एखादे पोते पुढे-मागे सरकवत. वहीतली माझी सगळी आकडेमोड म्हणजे आप्पांचा तो एक हात होता.

समोरच्या वाण्याचा जमिनीवरचा काटा आणला आणि ट्रेलरचे पुढचे टोक त्याच्यावर टेकवले. चाळीस किलो. माझ्या वहीप्रमाणे एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी, म्हणजे एकशेवीसच्या आसपास, टोकावर यायला हवे होते. एवढ्या हलक्या टोकाची गाडी वेगात शेपूट हलवू लागते, आणि एकदा हलू लागली की ओढणाऱ्यालाही आपल्याबरोबर नेते. फार जड टोकानेही भागत नाही. पिकअपचे मागचे अंग दबते आणि पुढच्या चाकांची पकड सुटते. साखळ्या सोडल्या, ट्रॅक्टर फूटभर पुढे घेतला. काटा एकशेपंधरावर गेला. वेल्डिंगवाल्याने ट्रॅक्टरच्या चाकांपुढे लोखंडी पट्टी मारून दिली, म्हणजे अंधारातही चाक तिथेच येऊन टेकेल. त्याचे पैसे घेतले नाहीत.

मग मागे घेण्याची तालीम. ट्रेलर डावीकडे वळवायचा तर चक्र उजवीकडे फिरवायचे. भावाला पंधरा मिनिटांत जमले. मीही एकदा बसून पाहिले, आणि आमच्या गल्लीतल्या एका तुळशीवृंदावनाची त्या दिवशी जी दशा झाली तिच्याविषयी इथे लिहिण्याचे कारण नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे तो निघाला. भावजय शेजारी बसली. ठाणे, भिवंडी, मग वाड्याचा रस्ता, पाऊस होता. मी शाळेत पहिल्या तासाला चुकीच्या इयत्तेचा धडा काढला, आणि मुलांनी तो निमूटपणे ऐकून घेतला.

मधल्या सुट्टीत घरी फोन केला. आई म्हणाली, "पोचले. उतरवलासुद्धा."

"काही बोलला का?"

"म्हणाला, पट्टीला चाक बरोबर टेकून होतं. हललं नाही." मग तिने पलीकडे कुणालातरी दूध किती घ्यायचे ते सांगितले, आणि फोन ठेवायला विसरली.