आणखी एक घिरटी

आकाशात झेप घेणाऱ्याचे कौतुक सर्वांनाच वाटते; परंतु वैमानिकाची खरी कसोटी लागते ती भूमीवर परतताना. वाकडच्या आकाशातून लोहगावच्या धावपट्टीकडे जाणारी विमाने पाहावीत. दर किलोमीटरला सुमारे 50 मीटर, अशा बेताच्या उताराने विमान खाली येत असते. धावपट्टी 15 किलोमीटर दूर असताना जे सुमारे 800 मीटर उंचीवर असते, ते काही मिनिटांतच अलगद भूमीला टेकते. सारे कसे सहज वाटते! पण ते तितके सहज नसते.

मोठ्या विमानात दोन वैमानिक आणि अनेक यंत्रे साहाय्याला असतात. लहान खाजगी विमानाचा चालक पुष्कळदा एकटाच असतो. त्याचे विमान हलके. वाऱ्याच्या एका झोताने ते बाजूला सरकते. वेग फार कमी झाला, तर पंखांना हवेचा आधार उरत नाही आणि विमान कोसळते. वेग फार अधिक राहिला, तर ते चेंडूसारखे उसळते, किंवा धावपट्टी संपली तरी थांबत नाही. पाऊस असला म्हणजे ही अडचण दुणावते. 14 सप्टेंबर 2023 रोजी विशाखापट्टणमहून मुंबईस आलेले एक लहान खाजगी जेट विमान मुसळधार पावसात उतरताना धावपट्टीवरून घसरले आणि मोडले. त्या वेळी 700 मीटरपलीकडचे दिसत नव्हते. विमानातील आठही जण वाचले, हे सुदैव.

वैमानिकांना एक गोष्ट आरंभापासून शिकविलेली असते. उतरताना काही बिघडते आहे असे वाटताच इंजिनाला पूर्ण जोर द्यावा, विमान पुन्हा वर न्यावे आणि एक घिरटी घालून नव्याने यावे. सांगावयास हे सोपे, आचरावयास कठीण. धावपट्टी समोर दिसत असते, बरोबरची माणसे घरी जाण्यास आतुर असतात. हातातोंडाशी आलेला घास सोडवत नाही. ‘इतके जवळ आलो, आता उतरूच!’ असे मन म्हणते. हा हट्ट वादळी वाऱ्याइतकाच घातक असतो.

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल आणून आपले लहानसे ‘पस मॉथ’ विमान मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरविले. ते मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई. तेव्हा टाटांच्या मंडळींनी चिखलात विमान उतरविण्याचा हट्ट धरला नाही. पावसाळ्यापुरता त्यांनी आपला मुक्काम पुण्यास हलविला आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळील एका मैदानावर त्यांची विमाने उतरू लागली. साहसी माणसांना थांबणेही ठाऊक असते, ते असे.

एक घिरटी अधिक घातली, तर थोडी मिनिटे जातात. धावपट्टी तेथेच असते; ती कोठे जात नाही. उशिरा उतरलेल्या वैमानिकाला कोणी हार घालीत नाही, वर्तमानपत्रात त्याचे नाव येत नाही. परंतु त्याच्या घरी दिवा लागलेला असतो, जेवणाची पाने मांडलेली असतात आणि तो आपल्या पानावर येऊन बसतो.